दुसरं ‘ओ दे’

किन्हवली,
५ ऑक्टोबर २०२४

भूमिकेस,

वर नमस्कार-आशीर्वाद काही घालत नाही, ते तुझ्यामाझ्यात शोभायचं नाही. थेट सुरू करतो.

पत्र बघून हसशील. हसून घे. मोबाइलवर काही लिहिलं की तू वाचल्याच्या दोन निळ्या खुणा येतात, आणि मग मी दुकानात गिऱ्हाइकाला पंखा दाखवतानासुद्धा त्या खुणांकडेच बघत बसतो. शेठ दोनदा ओरडला. फोन केला तर आपण भांडतो. कागदाचं बरं असतं. तू वाचलंस की चुलीत घातलंस हे मला कळणार नाही. तुझा भाऊ शहापूरला कामाला येतोच, आज शनिवार, तो घरी जाताना त्याच्याकडे देईन. प्रज्वलला पत्र उघडू नको म्हणून बजावलंय. मेव्हण्यावर एवढा भरवसा ठेवणारा मी एकटाच असेन.

आई बरी आहे. हळवं भात पिवळं पडलंय, गरवं अजून हिरवं आहे. शेजारीपाजारी विचारतात, सून कधी येणार, तर आई सांगते, तिच्या आईला बरं नाय म्हणून राहिलीय. म्हणजे आमच्या गावात तुझ्या आईला गणपतीपासून बरं नाही. किन्हवलीचं कुणी त्यांना सरळगावच्या बाजारात भेटलं, तर जरा खोकायला सांग.

बँडमध्ये तुझ्या जागी कुणालाही घेतलेलं नाही. भगीरथदादा दर तालमीला तुझी चौकशी करतात. तुळशीचं लग्न झालं की हळदी सुरू होतील आणि दादांच्या वहीत नावं लागायला लागलीत. लोकांना आपलं गाणं हवंय.

त्या गाण्यावरनं तू गेलीस. मी चुकलो असं मला अजून वाटत नाही, हे आधीच लिहितो, म्हणजे पुढं वाचायचं का नाही ते ठरव.

शब्द तुझे, चाल तुझी, ठेका भगीरथदादांचा. ‘माळावरून हाक येते, ओ दे रे, ओ दे.’ पहिलं ‘ओ दे’ साधं, बोलल्यासारखं. दुसरं वर चढायचं, आणि तू तिथं अशी जायचीस की नाचणारी माणसं हात वर करायची. त्या ओळीत गिटारला कामच नव्हतं. मी तारांवर तळवा टेकवून नुसतं छक-छक करत राहायचो आणि तुझ्याकडे बघायचो. लग्नाआधी चारचौघांत तुझ्याकडे बघायची तेवढीच काय ती सोय होती.

मग गळ्यातली गाठ निघाली. आवाजात फरक पडू शकतो असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि आपण दोघांनी माना डोलावल्या होत्या, कारण गाठ काढायलाच हवी होती. बोलणं होतं तसं राहिलं. वरचे सूर तेवढे गेले. काळी चारमधलं गाणं मी एक पट्टी उतरवून काळी तीनवर आणलं, गिटारच्या मानेवरचा तारा दाबणारा चिमटा, कॅपो, खाली सरकवला, तरी ते दुसरं ‘ओ दे’ यायचं नाव घेईना.

आणि धसईच्या हळदीत ते पुरतं गेलं. तुझं तोंड उघडं आणि माइकमध्ये नुसता श्वास. माझी बोटं आपसूक वर गेली आणि तुझी ओळ गिटारवर वाजली. मी काही ठरवून केलं नाही. लोकांनी शिट्या मारल्या. नवरदेवाचा मामा म्हणाला, ती गिटारची जागा परत घ्या. घेतली. पुन्हा म्हणाला, पुन्हा घेतली. त्यानंतर सगळा मोसम प्रत्येक मांडवात तेच झालं, लोक त्या ओळीची वाट बघायचे आणि तू माइक खाली धरून उभी असायचीस.

गणपतीला निघालीस तेव्हा म्हणालीस, माझं होतं ते तुमी घेतलं. मी विचारतो, घसरणाऱ्याचा हात धरला तर धरणारा चोर होतो का? याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस.

नवीन काहीतरी करतो आहे. तुझ्या आताच्या आवाजाला बसेल असं. ये आणि ऐक.

साईनाथ


किन्हवली,
२८ ऑक्टोबर २०२४

भूमी,

उत्तर नाही. पण प्रज्वल म्हणाला, ताईनं ओट्यावर बसून सगळं वाचलं आणि एवढंच बोलली, की सासूच्या गुडघ्याचं काय ते लिवलं नाय. घे. आईचा उजवा गुडघा दुखतोच आहे. तेल लावून देतो म्हटलं तर मला लावू देत नाही, सुनेच्या हाताची सवय झालीय म्हणते. तुझ्यावरचा राग ती असा काढते, माझ्यावर.

कापणी चालू आहे. हळवं कापून झालं. दिवसभर विळा धरला की रात्री बोटं तारांवर वळत नाहीत, तरी बसतो. शेजारची काशीकाकू कुंपणावरून म्हणाली, साई, तेच तेच किती वाजवशील, आमची म्हैस पण आता वळखायला लागली.

तेच तेच म्हणजे आपलं गाणं. मी ते आणखी खाली नेलं, काळी दोनवर. ‘ओ दे’ वर चढवायचंच नाही असं ठरवलं. दोन्ही वेळा खाली, बोलल्यासारखं, आणि तू ते गायलंस की गिटारनं त्याच्याही खालून, जाड्या तारांवर, हळू साथ द्यायची. तुझ्यापुढं जायचं नाही आणि तुझ्यावरही जायचं नाही. मला वाटतं हे मी तुला न विचारता केलं, पण तुझ्यासाठी केलं.

आता अडचण सांगतो, कारण तू विचारणारच. तालमीत वाजवून दाखवलं. गाणं साफ पडलं. खाली आधीच ढोलकी आहे, कीबोर्डचा डावा हात आहे, त्यात गिटार उतरली आणि वर तू नाहीस, म्हणजे वरती काहीच उरलं नाही. घरात एकटा वाजवतो तेव्हा ते मला फार आवडतं. मांडवात ते चालणार नाही. भगीरथदादांनी पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “साई, चांगला हाय. पन ही हळद हाय. लोकं नाचाया येतात, रडाया नाय.”

दादांचा नियम तुला माहीत आहे, गाण्यात कुठंही भोक दिसता कामा नये. आवाज तुटला की नाचणारा खुर्चीवर जाऊन बसतो, आणि बसलेला माणूस परत उठत नाही. म्हणून ते म्हणाले, वरची ओळ कुणीतरी घ्यायलाच पाहिजे.

तालमीला हल्ली एक मुलगी येते. मनस्वी म्हणून, दादांची भाची, खर्डीची. शहापूरला कॉलेजात आहे. मागं साथीला उभी राहते, बाकी काही नाही.

दिवाळीला येशील असं मी आईला सांगून ठेवलंय. मला खोटं पाडू नकोस.

साईनाथ


किन्हवली,
१९ नोव्हेंबर २०२४

भूमिका,

तू मला खोटं पाडलंस. असू दे, मीही तुला अर्धंच सांगितलं होतं.

मनस्वी साथीला उभी राहत नाही. आपलं गाणं तीच म्हणते. तुळशीच्या लग्नानंतर दोन हळदी झाल्या, दोन्हीकडं तिनंच म्हटलं. तुला प्रज्वलकडून कळलंच असेल, त्याच्या मोबाइलवर सगळ्या गावांचे व्हिडिओ असतात.

ती दुसरं ‘ओ दे’ काळी चारमध्ये घेते. सहज घेते. पहिल्या दिवशी तिनं ते घेतलं आणि मी गिटार खाली ठेवून चहा प्यायला बाहेर गेलो. चहा संपला तरी आत जाववेना. मग तीच बाहेर आली आणि म्हणाली, “साईदादा, ताई इथं श्वास कुठं घ्यायची? व्हिडिओत कळत नाय.” मी म्हटलं, ताईलाच विचार. ती आत गेली. तिचा काय दोष? तुझे व्हिडिओ बघून बघून तिनं गाणं पाठ केलंय. तू हात हलवायचीस तसा हातसुद्धा हलवते, आणि तिला ते शोभतही नाही.

तिच्या त्या ओळीला गिटार काय वाजवायची हे मला सुचत नाही. पूर्वीसारखं छक-छक करायला हात जात नाही. वरची ओळ वाजवावी तर ती मुलगी गातेच आहे. मग मी ती ओळ येताच हात काढून घेतो. दादा नुसते बघतात.

दुसरी गोष्ट. तुझ्या बारकूकाकांकडच्या हळदीची सुपारी आपल्या बँडला आलीय. काका स्वतः किन्हवलीला येऊन गेले. मी दुकानात होतो. दादांनी होकार दिला आणि मग मला विचारलं. मी येऊ की दुसऱ्याला पाठवू, तेवढं प्रज्वलकडे सांग. काही कळवलं नाहीस तर मी येणार.

आपण एका गोष्टीवर कधी बोललो नाही. तुझा आवाज गेला तेव्हा तुझ्याइतकंच माझंही काहीतरी गेलं. मी तुझ्या आवाजाच्या आजूबाजूला वाजवायला शिकलो, दुसरं मला काही येत नाही. हे तुला ऐकवायचा मला हक्क नाही असं तुला वाटेल. वाटू दे.

साईनाथ


किन्हवली,
४ डिसेंबर २०२४

भूमी,

परवा जे झालं ते तू पाहिलंस, तरी मी माझ्या बाजूनं लिहितो.

आम्ही आलो तेव्हा मांडवात हळद लागत होती. तुमच्याकडची रीत मला ठाऊक होती, हळद लावताना वाजंत्री बंद आणि गाणं फक्त बायकांचं. आम्ही बाजूला वायरी जोडत बसलो. मग बायकांनी गाणं उचललं आणि त्यात मला तू ऐकू आलीस. बघायच्या आधी ऐकू आलीस. खालच्या आवाजात, न ओढता, मावशी-काक्यांच्या मधोमध बसून. कडवं संपून त्या गोंधळल्या की सगळ्या तुझ्याकडे बघायच्या आणि तू पुढचं उचलून द्यायचीस. तुझं वर जायचं कामच नव्हतं तिथं.

मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या बायकांचा हेवा वाटला. भर मांडवात, मांडीवर गिटार घेऊन, मला तुझ्या म्हाताऱ्या मावशीचा हेवा वाटला.

मी मनात तुझा सूर लावून बघितला. काळी दोनच होता. गिटारवर हात ठेवला आणि काढून घेतला. तेवढी अक्कल मला होती.

मग आमची पाळी आली. दुसऱ्या ‘ओ दे’ला मी काय करणार होतो ते दादांना सांगितलं नव्हतं. मनस्वीला आणि ढोलकी-कीबोर्डवाल्यांना आदल्या दिवशी पटवून ठेवलं होतं, की तिथं सगळ्यांनी थांबायचं. आवाज नाही, ठेका नाही, गिटार नाही. ती ओळ तुझी आहे आणि तुझ्या गावात ती तुझ्यासाठी मोकळी सोडायची. मला वाटलं, तुला कळेल. तू कदाचित जिथं असशील तिथून म्हणशीलही. हे आता लिहिताना किती पोरकट दिसतं ते मला दिसतंय.

आम्ही थांबलो. नाचणारे पण थांबले. आणि मागून कुणीतरी ओरडलं, वायर सुटली रं. आपला साउंडवाला पोश्या धावत आला, दिसेल ते बटण दाबत सुटला. बारकूकाका जनरेटरकडे पळाले. दुसऱ्यांदा थांबलो तर पोश्यानं माझ्या गिटारची पिन उपटली आणि परत खुपसली, सगळ्या मांडवात धडाम आवाज झाला, नवरीची आत्या दचकून खाली बसली. भगीरथदादांनी माझ्याकडे असं बघितलं की तिसऱ्या वेळी मनस्वीनं घाबरून ती ओळ गाऊनच टाकली. आणि तेव्हा लोक नाचले.

नंतर तू आलीस. हातात हळदीची वाटी, गळ्याभोवती पदर. मला वाटलं, हसशील. तू म्हणालीस, “ती वळ मोकळी ठेवू नका. मी काय मेली नाय.”

मी गिटारची वायर गुंडाळायला लागलो. मग तू म्हणालीस, पोरगी चांगली गाते, तिला गाऊ द्या, आणि तुमी काय वाजवायचा ते नीट शोधा.

घरी कधी येतेस, असं मी विचारलं. मला ते तसं, सगळ्या पाहुण्यांत विचारायचं नव्हतं. तू खाली बघत सांगितलंस की घरात सकाळ-संध्याकाळ तेच वाजतं. स्वैपाक करताना तेच, झाडताना तेच. तुला तिथं परत येऊन आपली वळ भिंतीतून ऐकायची नाही. बँडमध्ये तर मुळीच यायचं नाही. “तुमाला तो नाद सुटायचा नाय,” असं म्हणालीस. रागानं म्हणाली असतीस तर मी भांडलो असतो. तू तर माझी समजूत काढत होतीस.

घरी आल्यावर मी गिटार खोळीत घालून माळ्यावर टाकली आहे. दादांना सांगितलं, दुसरा बघा. संध्याकाळी आईनं मला जास्तीचं वाढलं. मी सोडलं, भूमी. आता घरात फक्त आईचा टीव्ही वाजतो.

ये.

साईनाथ


किन्हवली,
२३ फेब्रुवारी २०२५

भूमी,

मध्ये पत्र लिहिलं नाही. लिहायला बसायचो आणि उठायचो.

प्रज्वलनं काल तुझा निरोप दिला. ‘वाजवायचं सुटलं असंल तर येते, तेवढं खरं काय ते विचार.’ त्याला हे निरोप बिनचूक सांगता येतात, अगदी तुझ्या आवाजात. मी त्याला म्हटलं, उद्या लिहून देतो. रात्रभर माझं एकच उत्तर तयार होतं. ‘हो’ लिहिलं की तू येतेस, हे मला माहीत आहे. आईनंही तेच लिही म्हणून सांगितलं. पुढचं पुढं बघू, आधी सून घरात येऊ दे, असं तिचं म्हणणं.

सुटलं होतं. पौषात कार्यं नसतात, त्यामुळं सोपं गेलं. मी दुकान, शेत, घर करत होतो. संध्याकाळी हाताला काम नसायचं म्हणून आईचे सगळे डबे घासून लावले. ती वैतागली. मग माघात भगीरथदादांचा फोन आला. नवीन गिटारवाला अचानक गावाला गेला होता, आणि शहापूरच्या एका हळदीला माणूस नव्हता. दादा म्हणाले, एकदाच ये. मी एकदाच म्हणून गेलो. हे मी तुला कळवलं नाही.

तालमीला मनस्वीनं ती ओळ घेतली आणि मी ऐकली. पहिल्यांदाच तिची म्हणून ऐकली. ती तुझ्यासारखी एका झटक्यात वर जात नाही, थोडी रेंगाळते आणि मग जाते. त्या रेंगाळण्यात खाली जागा राहते. तू सांगितलं होतंस, नीट शोधा. मी मधल्या दोन तारा घेतल्या, तळवा अर्धाच टेकवला आणि ती रेंगाळते तिथं तीन सूर ठेवले, पायऱ्यांसारखे, तिला वर जायला. ती वर पोचली की गिटारनं थांबायचं, ढोलकीनं ठेका चालू ठेवायचा. एवढंच आहे. ऐकणाऱ्याला गिटार आहे हे कळणारही नाही. दादांनी मान हलवली. मनस्वी मला म्हणाली, साईदादा, आता मला भीती नाय वाटत तिथं.

हळदीत वाजवलं. एकदा नाही, त्यानंतर प्रत्येक हळदीत वाजवतो आहे. गाणं चांगलं झालंय, भूमी. तुझे शब्द, तुझी चाल, आणि लोक नाचतात. पहिली गाणारी कुठं गेली असं हल्ली कुणी विचारत नाही. सुरुवातीला मला त्यांचा राग यायचा.

पण खरं काय ते विचार, असं तू सांगितलंस, म्हणून पुढचंही लिहितो. परवाच्या हळदीत ती ओळ आली, ते तीन सूर नीट पडले, मुलगी वर गेली, माणसांनी हात वर केले, आणि मी हसत होतो. त्या ओळीत मला तू आठवली नाहीस. त्याच्या पुढच्या गाण्यातही नाही. टेम्पोत सामान भरलं, पोश्याची टिंगल केली, सगळ्यांबरोबर जेवलो. घरी येऊन दार लोटलं, आईनं अंथरुणातूनच आलास का म्हणून विचारलं, तेव्हा आठवलीस. मग मी ओट्यावर बसून रडलो.

सुटलं नाही. येऊ नकोस.

साईनाथ